कारणाचा रिकामा रकाना

महिन्यातून एकदा आमचे साहेब स्वतःच्या स्कूटरचं चांगलं टणक चाक काढायचे, तिथं स्टेपनी लावायचे आणि त्या स्टेपनीवर कारखान्यातून घरी जायचे. पंक्चर नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चाक बदलून कामावर हजर. हात काळे, चेहरा खूश. गेटवर कुणी विचारलं, "काय साहेब, गाडी बसली काय?" तर म्हणायचे, "न्हाय की. बसली तर उठतीया का बघतोय."

छत्री ते मे महिन्यात तपासायचे. अंगणात छत्री उघडून उभे राहायचे आणि अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, नळाला पाइप लावून वरून पाणी सोडायच्या. अक्का गडहिंग्लजच्या पुढच्या, पार सीमेवरच्या गावच्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांना वाटलं होतं, हा माणूस जरा सरकलेला आहे. पुढं त्यांना स्वतःलाच पाइप धरायची गोडी लागली. छत्री सोडून पाणी मुद्दाम पायावर मारायच्या.

घराची दुसरी किल्ली समोरच्या काकींकडं असायची. महिन्यातून एकदा साहेब घराला कुलूप लावून बाहेर उभे राहणार आणि हाक मारणार, "काकी, या. उघडा." काकी पीठ लागलेल्या हातानं यायच्या, कुलूप उघडायच्या आणि पोळी करपते म्हणून पळत परत जायच्या. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "अहो, तुमच्या खिशात किल्ली हाय की." साहेब म्हणाले, "ही हाय ते मला ठावं हाय. तुमच्याकडची हाय का, त्ये बघतोय."

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. ते हयात आहेत आणि नाव छापून आलेलं त्यांना आवडेल, हेही मला माहीत आहे. पण मला जे सांगायचं आहे त्यात चूक माझी आहे, आणि माझ्या चुकीखाली त्यांचं नाव नको.

आमचा कारखाना हायवेला लागून. लोखंडाचे सुटे भाग ओतायचे, घासायचे आणि जर्मनीला पाठवायचे. साहेबांची उमेदीची सगळी वर्षं टेलेक्सच्या खोलीत गेली होती. टेलेक्सच्या जागी फॅक्स आला, फॅक्सच्या जागी संगणक, आणि दोन हजार सालाच्या आगेमागे कारखान्याचा स्वतःचा मेल सर्व्हर आला. टेलेक्सवाला माणूस संगणक विभागाचा प्रमुख झाला. त्याच सुमारास मी त्यांच्या हाताखाली टेंपररी म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"बॅकअप म्हंजे काय?"

मी क्लासमध्ये पाठ केलेली व्याख्या म्हटली.

"चूक. तू सांगितलंस ती टेप झाली. त्या टेपेतनं सगळं परत आणून दाखवलंस तर बॅकअप. तवर ती निसती डबी हाय. डब्या समद्यांकडं असत्यात."

सर्व्हरवरचं सगळ्यांचं टपाल, म्हणजे आलेल्या-गेलेल्या मेल, जोडलेली ड्रॉइंग, पत्त्यांची यादी, रोज एका टेपवर उतरवून घ्यायचं, हे काम बहुतेक ठिकाणी होतं. टेप घेतली, कपाटात ठेवली, काम झालं. सर्व्हर खरंच मेला तर त्या टेपमधून सगळं उठतं का, हे कुणी बघत नाही. साहेब ते बघायचे. म्हणून कारखान्यात खालपासून वरपर्यंत त्यांना 'परतसाहेब' म्हणायचे. ओतकाम करणारे कामगार तोंडावर म्हणायचे, आणि साहेब ओ द्यायचे.

त्यासाठी त्यांनी दिवस निवडला होता अमावस्येचा. आमचे मालक अमावस्येला एकही ट्रक गेटबाहेर सोडायचे नाहीत. मशीनपुढं नारळ फुटायचे, दारावर ताजं लिंबू-मिरची चढायचं, नवीन काम कुणी काढायचं नाही. ट्रक नाही म्हणून कागद नाहीत, कागद नाहीत म्हणून मेल कमी. साहेबांनी हे सहा महिने मोजून काढलं होतं. त्यांना तिथीशी काही देणंघेणं नव्हतं. "लोक भेतात त्या दिवशी मशीन मोकळं असतंय. आपल्याला मोकळं मशीन पाहिजे."

मग अमावस्येच्या सकाळी गोदामामागच्या खोलीत एक जुनं मशीन पूर्ण कोरं करायचं आणि आदल्या दिवशीच्या टेपवरून अख्खा सर्व्हर त्यात उठवायचा. याला तीन-चार तास लागायचे. तेवढ्यात भडंग, त्यावर कांदा, दोनदा चहा. येणारे-जाणारे डोकावायचे. "उठलं का मढं?" "उठतंय, उठतंय. पाय हालवलाय." साहेब मात्र नुसतं उठलं म्हणून खूश व्हायचे नाहीत. एकूण मेल किती होत्या, किती आल्या. ड्रॉइंग उघडतंय का, आणि शेवटपर्यंत उघडतंय का. पत्त्यांच्या यादीत शेवटचं नाव आहे का. त्यांचा एकच प्रश्न, "सगळं आलं का?" आणि मी "बहुतेक" म्हणालो की म्हणायचे, "बहुतेक ह्यो आकडा कितीचा?"

शेवटी चिठ्ठी. एका वाया गेलेल्या ओतीव वाटीत सगळ्या स्टाफच्या नावाच्या चिठ्ठ्या असायच्या. एक उचलायची. ज्याचं नाव येईल त्याला बोलावून त्या उठवलेल्या मशीनवर बसवायचं, त्यानं स्वतःचा पासवर्ड टाकायचा आणि सगळ्यांत शेवटची मेल मोठ्यानं वाचायची.

"मनात नको. मोठ्यानं. मनात वाचताना माणूस नसलेलंबी वाचतोय."

एकदा डिस्पॅचच्या कारकुनाची चिठ्ठी निघाली. त्याची शेवटची मेल त्यानं स्वतःच पाठवलेली होती, कुरुंदवाडच्या कुणा पाहुण्यांना, सोबत फोटो जोडलेला. तो खुर्चीतून उठायला लागला. साहेब म्हणाले, "बस. जोडलेलं उघडलं पाहिजे, नियम हाय." फोटो हळूहळू वरून खाली उलगडत आला. आधी स्टुडिओतलं निळं आभाळ, मग धबधबा, मग तेल लावलेला भांग, मग कारकून, एका पायावर भार देऊन, हातात प्लास्टिकचा गुलाब. खोलीत अकरा माणसं. कुणी हसेना, कारण साहेब वाकून गंभीरपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "बूटबी आलं. पूर्ण आला फोटो." आणि वहीत टिक केली. मग जी हसाहशी झाली ती चहा संपेपर्यंत चालली. त्या कारकुनाचं लग्न पुढं कुरुंदवाडातच जमलं. साहेबांनी अहेरात एक छत्री दिली, तपासलेली.

ती वही लाल पुठ्ठ्याची, आडवी. साहेबांनी पट्टीनं रकाने आखलेले: तारीख, घेतलं, परत आलं, कारण, शेरा. 'घेतलं' खाली निळी टिक. 'परत आलं' खाली हिरवी टिक, आणि ती फक्त मोठ्यानं वाचून झाल्यावर. 'कारण' हा रकाना नाही आलं तरच भरायचा. माझ्या पहिल्या वर्षात तो वरपासून खालपर्यंत कोरा होता.

आता जर्मनीचं सांगतो. तिथलं गिऱ्हाईक मोठं होतं आणि त्यांना आमच्या टपालाची व्यवस्था बघून घ्यायची होती. मालकांनी ठरवलं, जानेवारीत स्वतः जायचं आणि बरोबर परतसाहेबांना न्यायचं. साहेबांचा पासपोर्ट झाला. अक्कांनी जाड लोकरीचा करडा स्वेटर घेतला. गल्लीत सगळ्यांना बातमी झाली. साहेबांना एकच काळजी, स्वेटर तिथल्या थंडीला पुरेल का. ते स्वेटर घालून एका बर्फाच्या कारखान्यात गेले आणि तिथल्या ओळखीच्या माणसाला सांगून लाद्यांच्या खोलीत एक तास बसले. हातात घड्याळ, कानाला मफलर. बाहेर आले ते दात वाजवत, पण हसत. "छाती ऊब धरतीया. कान जात्यात. टोपी घ्याय पाहिजे." टोपी घेतली आणि पुढच्या रविवारी टोपीसकट परत तासभर.

साहेबांच्या वडिलांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा साहेब पहिलीत होते. घरात बुद्धाची एक लहान पितळी मूर्ती, बाकी काही नाही. कारखान्यातल्या सणांना ते सगळ्यांत पुढं असायचे, गणपतीत लेझीम खेळायचे, प्रसादाचा पेढा दोनदा घ्यायचे. फक्त खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राची, लेथची, क्रेनची, पार स्क्रू-ड्रायव्हरची पूजा व्हायची, तेव्हा ते सर्व्हरच्या खोलीच्या दारात आडवे उभे राहायचे.

"आत हळदकुंकू न्यायचं न्हाई. फूल दारात ठेवा, उदबत्ती कॉरिडॉरात लावा. ह्या मशीनला तुमची भक्ती कळत न्हाई, धूळ तेवढी कळती."

एवढंच. त्यात धर्माचा प्रश्न नव्हता, तेवढं मला नक्की कळत होतं. इतरांना कळत होतं का, ते सांगता येत नाही.

मी मंगळवार पेठेतला. वडील टर्नर होते. खंडेनवमीला लेथला कुंकू लावल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी बटण दाबलं नव्हतं. त्या वर्षअखेरीला मला कायम करायचं की नाही, याचा निर्णय व्हायचा होता. त्या खंडेनवमीला निघताना आईनं कागदाच्या पुडीत कुंकू बांधून दिलं. "ज्यानं पोट भरतंय त्याला हात जोड बाबा." मी म्हणालो, साहेब चिडतात. ती म्हणाली, "त्यांना कशाला सांगतोस?"

साहेब चहाला गेले होते. मी आत गेलो. सर्व्हरच्या कपाटाला एक बोट लावलं. टेप जिथून आत जाते त्या ड्राइव्हच्या तोंडावर एक लावलं. हात जोडले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. वडिलांची आठवण झाली. तेवढ्यात कॉरिडॉरात साहेबांचं खाकरणं ऐकू आलं. मी खिशातून रुमाल काढला आणि दोन्हीकडचं कुंकू घाईघाईनं पुसून टाकलं. साहेब आत आले, नाक वर करून म्हणाले, "उदबत्तीचा वास आत येतोय व्हय रं?" मी म्हणालो, "येतोय जरा."

एकवीस दिवसांनी अमावस्या. लक्ष्मीपूजनाचा दिवस. कारखाना अर्धा दिवस, पण साहेबांची परीक्षा चुकायची नाही. आम्ही टेप घातली. मशीन चाललं, चाललं, आणि मध्येच थांबलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच थांबलं. दुसरी टेप, तिसरी टेप. दसऱ्यानंतरची एकही टेप पूर्ण उठेना. मालकांचं टपाल निम्मं, डिस्पॅचचं जवळजवळ नाहीच, ड्रॉइंग उघडून अर्ध्यावर करडी पट्टी. याचा अर्थ, त्या तीन आठवड्यांत सर्व्हर गेला असता तर कारखान्याकडं दाखवायला काही नव्हतं. सर्व्हर गेला नव्हता. सर्व्हर शेजारच्या खोलीत मजेत चालू होता.

मी पांढरा पडलो होतो. साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी चक्क टाळी वाजवली.

"सापडला गड्या. इतक्या अमावस्या पास, पास, पास. मला शंका याय लागलीती, परीक्षाच खोटी हाय का काय. जा, पेढं आण."

मी पेढे आणायला गेलो. परत आलो तेव्हा ते मालकांच्या केबिनकडं निघाले होते. मी डबा घेऊन मागोमाग. केबिनमध्ये लक्ष्मीची मांडामांड झाली होती, मालक सोवळ्यात बसलेले. साहेबांनी उभ्यानंच सांगितलं, तीन आठवडे आपल्याकडं बॅकअप नव्हता.

"आज सणाचं हे सांगायला आलाय?"

"आज कळलं, आज सांगितलं."

"कशानं झालं?"

"अजून कळलं न्हाई."

"मला कळलंय," मालक म्हणाले. "सगळ्या कारखान्यात खंडेनवमी होती, तुमच्या एका खोलीत होत नाही. बोटभर कुंकू लावून घेतलं असतं तर काय धर्म बुडत होता तुमचा?"

केबिनमध्ये चार-पाच जण होते. कुणी वर बघेना. मी दारात उभा होतो, हातात पेढ्यांचा डबा. मला बोलायचं होतं एवढंच, की पूजा झाली होती. मी केली होती. सहा शब्द. ते माझ्या जिभेवर आले होते, खरंच आले होते. पण मागोमाग कायम होण्याचा कागद डोळ्यांपुढं आला, आणि ते सहा शब्द मी गिळले.

साहेब शांतपणे म्हणाले, "पूजेचा आणि ह्याचा संबंध हाय का न्हाई, तपासून सांगतो."

"तपासा. जर्मनीला अकाउंटंट येतील माझ्याबरोबर. तुम्ही तपासत बसा."

बाहेर आल्यावर साहेबांनी माझ्या हातातल्या डब्याकडं पाहिलं. "त्यांना दिलास का पेढा?" मी मान हलवली. "दिऊन ये जा. बिघाड सापडलाय, गोड नको व्हय?"

दुसऱ्या दिवशी पाडव्याची सुट्टी. मी वॉचमनला काहीतरी सांगून आत गेलो, ड्राइव्हचं झाकण उघडलं आणि कापसाला स्पिरिट लावून आतला भाग पुसला. कापूस गुलाबी झाला. तो शर्टाच्या खिशात टाकला. मग नवी टेप घेतली, उठवून बघितली. सगळं आलं. सुट्टी संपल्यावर साहेबांनी करून बघितलं, त्यांचंही सगळं आलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मशीन बिघडल्याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं, पण काही न करता बरं झालेलं मशीन त्यांना सहन होईना. महिनाभर ते त्या ड्राइव्हपुढं बसून असायचे. वहीत त्या अमावस्येच्या ओळीत निळी टिक होती, हिरवी नव्हती, आणि 'कारण' रिकामं होतं. मालकांनी सांगितलं, जर्मनीचे लोक वही मागतील, काहीतरी लिहून टाका. साहेब म्हणाले, "काहीतरी ह्ये कारण न्हवं."

डिसेंबरात मी कायम झालो. शिफारस साहेबांची. त्यांनी लिहिलं होतं, 'कामात काळजीपूर्वक.' जानेवारीत अकाउंटंट जर्मनीला गेले. साहेब तो करडा स्वेटर आणि टोपी घालून रंकाळ्यावर फिरायला जायचे. ओळखीचं कुणी भेटलं की आपणहून सांगायचे, "जर्मनीचा हाय. जर्मनीला न गेलेला." आणि स्वतःच गडगडून हसायचे. कुंकवाचा टोमणा त्यांनी कधी पुन्हा काढला नाही. इतरांनी काढला. खंडेनवमी आली की कुणीतरी म्हणायचंच, यंदा तरी हात जोडा परतसाहेब. ते जोडायचे, त्या माणसालाच.

खिशाचा गुलाबी डाग आईला धुऊन निघाला नाही. तो शर्ट मी पुन्हा घातला नाही. तीन वर्षांनी मी नोकरी बदलली. साहेब निवृत्त झाले तेव्हा निरोपाला गेलो नाही, ताप आलाय म्हणून कळवलं. ताप नव्हता.

मग एका वर्षी माझ्या नव्या ऑफिसात खंडेनवमीला एक मुलगी हळदकुंकवाचं ताट घेऊन सर्व्हरच्या खोलीत आली आणि मी तिच्यावर ओरडलो. मी मुळात बोलतच कमी. सगळे बघत राहिले. तिनं ताट खाली ठेवलं, ती रडवेली झाली. तिची काहीच चूक नव्हती. मी तिची माफी मागितली आणि तेवढ्यानं भागणार नाही हे मला कळलं. एकवीस दिवस काढले. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"आलास," साहेब म्हणाले. "ताप उतरला का?"

अक्कांनी भडंग पुढं ठेवलं. मी हात लावला नाही. सगळं सांगितलं, आईच्या पुडीपासून गुलाबी कापसापर्यंत. मान खाली घालून सांगितलं. संपल्यावर वर बघितलं तर साहेबांचे डोळे चमकत होते.

"कोरडं का ओलं?"

"काय?"

"कुंकू. कोरडं लावलंस का ओलं?"

"कोरडं."

"कुठल्या बोटानं?"

"करंगळीशेजारच्या."

"अक्के, आपल्यात कुंकू हाय?"

"आपल्यात कुठनं असंल? टिकल्या हायत्या."

"टिकली नको. काकी," त्यांनी खिडकीतनं हाक मारली, "कुंकू द्या जरा."

समोरच्या काकी दारात आल्या. तीस वर्षांत या घरातून कुंकू कुणी मागितलं नव्हतं. "काय वो, आज लक्ष्मी मांडताय काय?"

"न्हाई. तपासायचंय."

काकींना या शब्दापुढं काही विचारायची सवय नव्हती. करंडा दिला, फक्त म्हणाल्या, "सहाच्या आत पाहिजे, माझी लक्ष्मी खोळंबंल."

मागच्या खोलीत तोच ड्राइव्ह होता. कारखान्यानं भंगारात काढला तेव्हा साहेबांनी विकत घेतला होता, आणि लाल वहीही रद्दीतून मागून आणली होती. ड्राइव्हला जुनं मशीन जोडलेलं. त्यावर लेकीच्या मेल, ती पुण्यात नोकरीला. दोनशे बारा मेल. साहेब त्यांचा दर अमावस्येला बॅकअप घेऊन उठवायचे, घरच्या घरी.

"लाव. तसंच लाव."

मी ड्राइव्हच्या तोंडावर बोट टेकवलं. टेप घेतली, मशीन कोरं केलं, टेप उठवली. आम्ही तिघं पडद्याकडं बघत बसलो. दोनशे बारा आल्या. साहेबांनी अक्कांना शेवटची वाचायला लावली. अक्का चष्मा सावरून मोठ्यानं वाचू लागल्या, "आई, बाबांचं सगळं परत आणून झालं असेल तर आता त्यांना जेवायला वाढ."

"सगळं आलं," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. माझाही. "कुंकवानं काय झालं न्हाई. मग पुढं काय केलंतंस?"

"पुसलं."

"कशानं?"

"रुमालानं. तुम्ही येत होता म्हणून. घाईत."

"मग तसं पूस की. मी भाईर जाऊन खाकरतो."

ते खरंच बाहेर गेले आणि खाकरले. मी रुमाल काढला. त्या दिवशीसारखंच घाईघाईनं पुसायला लागलो. कुंकू पुसलं जाईना, पसरत होतं, ड्राइव्हच्या फटीत जात होतं. पुन्हा टेप घेतली, पुन्हा उठवायला लावली. मशीन चाललं, चाललं, आणि थांबलं. दोनशे बारातल्या सत्त्याण्णव. पुन्हा लावलं. सत्त्याण्णव.

साहेबांनी आकडा पुन्हा बघितला. मग मला खांद्याला धरून त्यांनी गदागदा हलवलं. "आला. गड्या, आठ वर्सांनी आला बिघाड. अक्के, पेढं हायत का?" अक्का म्हणाल्या, "साखर घ्या." त्यांनी तिघांच्या तळव्यावर साखर ठेवली.

वही उघडली. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "लिही. कुंकू लावलं, असं न्हाई लिहायचं. लावल्यावर सगळं आलतं. पुसलं, असं लिही."

मी 'कुंकू पुसलं' लिहायला लागलो, तेवढ्यात करंडा न्यायला आलेल्या काकी दारातून म्हणाल्या, "भरल्या सणाचं असलं काय लिवता? मशीनवरचं म्हणा की." मी लिहिलं, 'मशीनवरचं कुंकू घाईत रुमालानं पुसलं.'

"तुमची जर्मनी माझ्यामुळं गेली," मी म्हणालो.

"गेली. स्वेटर हाय अजून. गेल्या सालीबी बर्फात बसून बघितला, छाती ऊब धरतीया." मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत घातलं. आवाज खाली आला. "मालक बोलले तवा तू कुठं हुतास?"

"दारात."

"पेढं हातात हुतं."

"हो."

अक्का माझ्याकडं बघत नव्हत्या. मी आठ वर्षं ज्या गोष्टीला भीत होतो ती ही होती, आणि ती ओरडून नाही, अशी शांतपणे आली.

"कारण तपासाय लागतंय," साहेब म्हणाले. "ह्ये तपासाय नको. ह्ये शेऱ्यात लिही."

मी लिहिलं. तीन ओळी झाल्या, रकान्याबाहेर गेल्या.

"वाच."

मी पुटपुटलो.

"मनात नको. मोठ्यानं."

"खंडेनवमीला पूजा झाली होती," मी वाचलं. "ती मी केली होती. साहेबांना बोल लागला तेव्हा मी दारात होतो आणि गप्प बसलो."

"परत. अक्काला ऐकू आलं न्हाई."

अक्कांना ऐकू आलं होतं, त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. मी परत वाचलं. या वेळी आवाज सरळ आला, बाहेर अंगणापर्यंत गेला असावा. काकींनी करंड्यात बोट घालून उरलंय किती ते बघितलं आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी आठ वर्सं थांबलास व्हय? किल्ली माझ्याकडं हुती की, कवाबी येऊन बसायचं."

साहेबांनी ड्रॉवरमधून हिरवं पेन काढलं. आधी स्वतःच्या तळव्यावर ओढून बघितलं, उठतंय का. उठेना. झटकलं, परत ओढलं. मग वहीवर वाकून त्यांनी त्या ओळीत 'परत आलं' खाली टिक केली.